पाच हजारांचा मंत्र

गेल्या रविवारी सकाळी आमच्या युनिटमधला एक नाईक बाइक ढकलत माझ्या क्वार्टरसमोर आला. माण तालुक्यातला पोरगा. तिकडची माणसं पाणी आणि पैसा दोन्ही मोजून वापरतात. म्हणाला, "साहेब, ॲक्सिलेटर दिला की इंजिन नुसतं वरडतंय, गाडी पुढं जात न्हाई." क्लच प्लेटा चार महिन्यांत दुसऱ्यांदा बदलून झाल्या होत्या. मी विचारलं, "ऑइल कुठलं टाकलंस रे?" त्याचा चेहरा उजळला. मोटारीचं टाकलं होतं, दुकानात होतं त्यातलं सगळ्यात महाग, फुल सिंथेटिक. बाजारातल्या दुकानदाराने सांगितलं होतं की बाइकवाल्या ऑइलपेक्षा हे भारी.

त्या दुकानदाराला मी चार शब्द सुनवायला हवे होते. तो हाताशी नव्हता म्हणून हा लेख.

आधी नाइकाचा हिशेब पुरा करतो. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. मोटारीचा क्लच कोरडा आणि वेगळा. मोटारीच्या आधुनिक पातळ तेलात इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. मोटारीत ती गुणाची. बाइकमध्ये तीच रसायनं क्लचच्या प्लेटांवर चढतात आणि जिथे घर्षण हवं तिथेच ते मरतं. हे ओळखून जपान्यांनी १९९८ मध्ये बाइकच्या तेलासाठी जासो नावाचं वेगळं मानक काढलं. डब्यामागे छोट्या चौकटीत एमए किंवा एमए-२ असं लिहिलेलं असतं. गिअरच्या बाइकला ते हवं. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला एमबी चालतं. त्या पोराच्या बाइकच्या पुस्तिकेत हे छापलेलं होतं. पुस्तिका कुठे होती? सीटखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, शोरूममधून आली तशी सीलबंद.

इंजिन ऑइलच्या बाबतीत आपण सगळेच त्या पोरासारखे आहोत. शिकलेले जरा जास्तच. कारखान्याने ज्या माणसांकडून ते इंजिन बनवून घेतलं, त्यांनी लिहिलेली चार पानं आपण वाचत नाही. मेहुण्याचं ऐकतो, पंपावरच्या पोराचं ऐकतो, सर्व्हिस सेंटरच्या टाय लावलेल्या सल्लागाराचं तर ऐकतोच ऐकतो.

मी पायदळातला माणूस. ईएमईचे दोस्त हे वाचून माझ्या चुका काढतील, त्यांनी खुशाल काढाव्यात. माझ्या जबाबदारीवर आलेलं पहिलं वाहन म्हणजे एनडीएतली सायकल. तिची चेन कोरडी दिसली की ती सायकल खांद्यावर घेऊन पळायला लागायचं, त्यामुळे वंगणाचं महत्त्व मला अठराव्या वर्षी शरीरानेच समजलं. पुढे कॅप्टन असताना युनिटचा एमटीओ झालो. पन्नासेक गाड्या, त्यांच्या कार डायऱ्या आणि एक एमटी हवालदार. त्या हवालदाराने मला जे शिकवलं ते कुठल्याही कोर्सवर शिकवलेलं नाही. रोज सकाळी फर्स्ट परेडला प्रत्येक ड्रायव्हर डिपस्टिक काढून पुसायचा, परत घालून काढायचा आणि दाखवायचा. कोणी न पुसता दाखवली की हवालदार फक्त एवढंच म्हणायचा, "ये कल का तेल दिखा रहा है."

आता गाडीवाल्यांच्या अंधश्रद्धांकडे येतो.

पहिली म्हणजे जाड तेल म्हणजे ताकद. "साहेब, पातळ ऑइल पाण्यासारखं असतं, इंजिन खाऊन टाकेल, वीस-पन्नास टाका." हे मी जोधपूरला ऐकलं, डेहराडूनला ऐकलं, पुण्यात कॅम्पमध्येही ऐकलं. डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ विचारला तर दहातले आठ जण डब्ल्यू म्हणजे वेट, म्हणजे वजन, असं सांगतात. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला. २०डब्ल्यू तेलाची पंपाने ओढलं जाण्याची चाचणी उणे २० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २५ वर, ५डब्ल्यूची उणे ३५ वर आणि ०डब्ल्यूची उणे ४० वर. मागचा आकडा तापलेल्या इंजिनातला, १०० अंशांवरचा. म्हणजे ५डब्ल्यू-३० हे तेल थंड असताना पाण्यासारखं पातळ असतं असं मुळीच नाही. थंडीत ते इतरांपेक्षा कमी घट्ट होतं, एवढंच.

माझ्या एका कोर्समेटची बदली वाळवंटातून लेहला झाली. राजस्थानातल्या गॅरेजवाल्याने उन्हाळा म्हणून त्याच्या जुन्या पेट्रोल गाडीत २०डब्ल्यू-५० भरलं होतं. ते तसंच वर आलं. लेहला जानेवारीत पहाटे उणे १५ सहज होतं, द्रासला त्याच्या कितीतरी खाली. मी त्याच्या शेजारी उभा होतो. स्टार्टर कण्हत फिरला, इंजिन कसंबसं सुरू झालं आणि ऑइलचा लाल दिवा विझेचना. वरून टॅपेट खडखड वाजतायत. सेकंद मोजत होतो, बराच वेळ गेला. तेवढा वेळ वरच्या कॅमशाफ्टवर धातूवर धातू घासत होता, कारण तेल खाली चेंबरमध्ये तुपासारखं गोठून बसलं होतं. असं त्याने महिनाभर रोज केलं. पुढे दोन वर्षांत ते इंजिन उघडावं लागलं. तेलामुळेच उघडावं लागलं हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण त्या पहाटेचा आवाज माझ्या कानात आहे.

"पण आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" हा प्रश्न येणारच. बरोबर आहे, सोलापूरला उणे १५ होत नाही. मग उलटा मुद्दा बघा. बाहेर ४५ अंश आहेत म्हणून इंजिनातलं तेल जाड हवं, हा युक्तिवाद कितपत टिकतो? पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला थर्मोस्टॅट असतो. नागपूरचा मे असो की महाबळेश्वरचा डिसेंबर, इंजिन एकदा तापलं की तो पाणी साधारण त्याच तापमानावर ठेवतो, तेलही त्याच्या आसपास. हल्लीच्या छोट्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-२० किंवा त्याहून पातळ तेल सांगतात, कारण त्यातल्या फटी आणि तेलाचा पंप त्या हिशेबानेच आखलेले असतात. घाटात ओव्हरलोड गाडी ओढणाऱ्याची गोष्ट वेगळी, जुनं घासलेलं इंजिन तेल पीत असेल तर त्याचीही वेगळी. पण त्यासाठीही बऱ्याच पुस्तिकांत तापमानाचा तक्ता दिलेला असतो. तो बघा आणि त्यातून निवडा. मिस्त्रीच्या मिशीवर विसंबू नका.

दुसरी अंधश्रद्धा काळ्या तेलाची. सर्व्हिस सेंटरमध्ये हा खेळ माझ्याबरोबर झाला आहे. सल्लागाराने डिपस्टिक काढली, पांढऱ्या टिश्यू पेपरवर टेकवली आणि डॉक्टर रिपोर्ट वाचतो तसा चेहरा केला. "सर, पूर्ण ब्लॅक झालंय." डिझेल गाडी होती. डिझेलमध्ये नवं तेल काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं. व्हायलाच हवं! तेलात काजळी धरून ठेवणारी रसायनं मुद्दाम घातलेली असतात. ती काजळी सुट्टी करून तरंगत ठेवतात, म्हणजे ती इंजिनाच्या भिंतींना चिकटत नाही. हजारो किलोमीटर चालून डिझेलचं तेल मधासारखं स्वच्छ राहिलं तर उलट मला शंका येईल. तेल संपतं ते न दिसणाऱ्या गोष्टींनी. आम्ल मारणारा क्षार खर्च होतो, झिजेपासून वाचवणारी जस्ताची संयुगं कमी होतात, कच्चं इंधन मिसळून तेल पातळ होतं. यातलं काहीही टिश्यू पेपरवर दिसत नाही. ते प्रयोगशाळेत दिसतं. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये लोको इंजिनाच्या तेलाचा नमुना घेऊन त्यात कुठल्या धातूचे कण किती आहेत हे तपासतात. तांबं वाढलं तर बेअरिंगकडे बघायचं, सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरमधून धूळ जातेय असं समजायचं. घरच्या गाडीला ते परवडणार नाही हे मान्य. पण मग ज्याला परवडत नाही त्याने टिश्यू पेपर घेऊन प्रयोगशाळेचा आव आणू नये.

त्या दिवशीच्या बिलात ऑइल आणि फिल्टरखेरीज आणखी तीन ओळी होत्या. इंजिन फ्लश, ऑइल ॲडिटिव्ह आणि काहीतरी कोटिंग. मी पुस्तिका उघडून विचारलं, यातलं एक तरी कुठल्या पानावर आहे ते दाखवा. सल्लागार म्हणाला, "सर, तुम्ही आर्मीतले ना? मग काढून टाकतो." म्हणजे आर्मीतला नसतो तर? माझ्या मागे एक निवृत्त काका उभे होते, हातात चष्मा, त्यांच्या बिलातही त्या तीन ओळी असणार. मी मागे वळून बोललो नाही, गेट पास घेतला आणि निघालो. त्याची लाज आजही वाटते.

महाग म्हणजे चांगलं, ही तिसरी. यावर फार लिहीत नाही. सिंथेटिक शब्दाची एक गंमत तेवढी सांगतो. अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली होती की खनिज तेलावर प्रक्रिया करून ते सिंथेटिक म्हणून कसं विकता. १९९९ मध्ये तिथल्या जाहिरातींचा निवाडा करणाऱ्या संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून जमिनीतून निघालेलं पण भरपूर शुद्ध केलेलं तेलही त्या नावाने विकलं जातं, आणि ते वाईट अजिबात नसतं. मुद्दा इतकाच की डब्याच्या पुढच्या बाजूचा मोठा शब्द बघू नका, मागची बारीक ओळ बघा. पेट्रोल गाडीला पुस्तिकेने एपीआयचा जो वर्ग सांगितला आहे तो किंवा त्याच्या पुढचा हवा. एसएन हा २०१० चा, एसपी २०२० चा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराड्यात काजळीचा फिल्टर असतो, त्यांना कमी राखेचं तेलच लागतं. काजळी फिल्टरमध्ये जळून जाते, तेलाची राख जळत नाही, ती साठत जाते. तिथे जुन्या ट्रकचं भारी तेल ओतणारा माणूस गाडीवर उपकार करत नाही. वर्ग आणि ग्रेड जुळले की डबा कुठल्या रंगाचा आहे याने मला फरक पडत नाही. डबा मात्र ओळखीच्या दुकानातूनच घ्या आणि रिकामा झाला की सुरीने कापून टाका. भंगारात गेलेला चांगला डबा परत भरून येतो.

आता मुख्य मंत्र. पाच हजार.

पेट्रोल असो, डिझेल असो, नवी असो वा जुनी, पाच हजारांवर ऑइल बदलायचं. अमेरिकेत वर्षानुवर्षं तीन हजार मैलांचा असाच मंत्र होता, आणि तीन हजार मैल म्हणजे ४,८२८ किलोमीटर. आपला आकडा तिकडूनच आला की आपल्याच जुन्या खनिज तेलाच्या आणि कार्ब्युरेटरच्या दिवसांतून, ते सोडा. तेव्हा त्याला अर्थ होता. आज बहुतेक पेट्रोल गाड्यांची पुस्तिका दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते. मग पाच हजारांवर ओतून दिलेलं अर्धं आयुष्य शिल्लक असलेलं तेल कोणाच्या खिशात जातं ते तुम्हीच ठरवा. ओतून दिलेलं तेल नाल्यात जातं हे वेगळंच.

हे मी इतक्या ठामपणे सांगायचो. पोस्टिंगवर सांगायचो, लग्नात सांगायचो, व्हॉट्सॲपवर सांगायचो. आणि इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगणं भाग आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कराडला असतात. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना छोटी पेट्रोल गाडी घेऊन दिली. सकाळी मंडई, संध्याकाळी कृष्णाकाठ, गुरुवारी दत्ताचं देऊळ. एका फेरीत दोन किलोमीटर झाले तर खूप. पहिल्या वर्षानंतर त्यांनी फोन केला. "अरे, गॅरेजवाला ऑइल बदलू म्हणतोय." मी विचारलं, "किती चाललीय?" "एकवीसशे." मी सीमेवरून हसलो. "अण्णा, लुटतायत तुम्हाला. पुस्तिकेत दहा हजार लिहिलंय. तुम्ही अजिबात ऐकू नका त्यांचं." अण्णांनी ऐकलं नाही. दुसऱ्या वर्षी गॅरेजवाल्याने परत सांगितलं, अण्णांनी त्याला माझं नाव सांगितलं. तिसऱ्या वर्षी मी सुट्टीवर गेलो, बॉनेट उघडलं आणि तेलाचं झाकण काढलं. झाकणाच्या आतून लोण्यासारखा पिवळट थर. डिपस्टिकला पेट्रोलचा वास. चेंबर काढलं तेव्हा तळाशी डांबरासारखा चिखल, आणि पंपाच्या जाळीवर तो चढू लागला होता. आणखी वर्षभर तसंच चाललं असतं तर अण्णा कुठेतरी पुलावर बंद गाडी घेऊन उभे असते, वय त्र्याहत्तर.

थंड इंजिन दोन किलोमीटर चाललं की तापतच नाही. थंड असताना जादा पेट्रोल जातं, त्यातलं थोडं रिंगांच्या बाजूने खाली तेलात उतरतं. जळण्यातून होणारी पाण्याची वाफ आतच थिजते. लांब प्रवासात तेल तापून हे दोन्ही उडून जातं. मंडईपर्यंतच्या प्रवासात ते साठत राहतं. पुस्तिकेत हे होतं. दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, यातलं जे आधी होईल ते. आणि त्याच्याखाली कठीण वापराचा वेगळा तक्ता, त्यात पहिल्याच ओळीत वारंवार छोट्या फेऱ्या. मी पुस्तिका वाचा म्हणून जगाला सांगत फिरत होतो आणि स्वतः अर्धी ओळ वाचली होती. ज्याला मी चोर ठरवलं तो गॅरेजवाला बरोबर होता. त्याच्याकडे जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब, मला वाटलं मिल्ट्रीचा नियम असंल."

मिल्ट्रीचा नियम मला आधीच माहीत होता, हे जास्त बोचतं. युनिटमध्ये कितीतरी गाड्या वर्षात हजार किलोमीटरही चालत नाहीत, तरी त्यांचं तेल वेळेवर बदलतं. जनरेटर तर किलोमीटर चालतच नाही, त्याचा हिशेब तासांवर. तोच हिशेब मोटारीला लावून बघा. पुण्यात हिंजवडीला जाणारा माणूस गर्दीत ताशी सरासरी वीसने गेला तर दहा हजार किलोमीटरला त्याचं इंजिन ५०० तास फिरतं. कोल्हापूर-बंगळूर हायवेवर ताशी साठच्या सरासरीने पळणाऱ्याचं तेवढ्याच अंतराला साधारण १६५ तास. दोघांच्या मीटरवर आकडा एक, तेलाने केलेली नोकरी तिप्पट. म्हणून हिंजवडीवाला पाच-सहा हजारांवर तेल बदलत असेल तर मी त्याला हसणार नाही. तो बहुधा कठीण वापराच्या तक्त्यातच बसतो, धूळ आणि थांबत-थांबत चालणं दोन्ही त्याच्या नशिबी. पण त्याने हे तक्ता बघून करावं. मंत्र म्हणून करू नये, कारण मंत्र हायवेवाल्यालाही तोच आणि अण्णांनाही तोच. पाच हजारांचा मंत्र पाळला असता तरी अण्णांचं तेल अडीच वर्षं बदललं नसतं!

बीएस-६ डिझेल घेऊन फक्त शहरात फिरणाऱ्यांना एक वेगळी सूचना. तो काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करण्यासाठी जादा डिझेल मागतो, आणि छोट्या फेऱ्यांत ते साफ करणं अर्ध्यात तुटतं. उरलेलं डिझेल तेलात येतं. डिपस्टिकवर पातळी खाली जाण्याऐवजी वर चढताना दिसली तर "वा, माझी गाडी तेल पीतच नाही" असं म्हणून खूश होऊ नका. सरळ सर्व्हिसला न्या आणि तेल बदला. हे बघायला कुठली पदवी लागत नाही. सपाट जागा, बंद इंजिन, पाच-दहा मिनिटं थांबणं आणि एक जुनं फडकं. माझ्या ओळखीतल्या पन्नास गाडीवाल्यांपैकी किती जणांना आपली डिपस्टिक कुठे आहे हे माहीत आहे? त्यांत लेफ्टनंट कर्नल हुद्द्याचे लोकही धरले तरी मला दोन्ही हातांची बोटं लागत नाहीत. रोज फर्स्ट परेडला जवानाची डिपस्टिक तपासणारा अधिकारी घरची गाडी मात्र टिश्यू पेपरवाल्याच्या हवाली करतो.

नाइकाची बाइक त्याच रविवारी दुपारी आम्ही दोघांनी मिळून खाली केली. एमए-२ चं तेल शिक्क्यासकट विकणारं दुकान गावात एकच होतं, तिथून डबा आणला. क्लच प्लेटा काढून बघितल्या. त्या जळल्या नव्हत्या, तेल पिऊन गुळगुळीत झाल्या होत्या. नवं तेल घालून शे-दोनशे किलोमीटर चालवल्यावर बघू, नाही सुधारल्या तर तिसरा सेट. त्याने विचारलं, "साहेब, आता पुढचं कधी बदलायचं?" मी काही बोललो नाही. सीटखालची प्लास्टिकची पिशवी त्याच्या हातात दिली. तो कट्ट्यावर बसून ती दातांनी फोडत होता तेवढ्यात कराडहून अण्णांचा फोन आला. त्यांनी बॉनेटच्या आत पांढरी पट्टी चिकटवून त्यावर तारीख लिहिली आहे आणि खाली, शाळेतल्या वळणदार अक्षरात, "जे आधी होईल ते."